सोनकीचे दात आणि कडुलिंबातली परी

जिथं ऊस माणसाच्या डोक्यावर हातभर चढतो आणि वाराही गोड लागतो, अशा एका गावाच्या कडेला गुऱ्हाळ होतं. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटायचा. त्यावर सोनेरी, केशरी, इवले इवले बुडबुडे यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. दिसायला फार छान. पण काहिलीखाली जाळ घालणाऱ्या बाईला बुडबुडे दिसत नाहीत, धूर दिसतो. ती बाई म्हणजे हौसाची आई.

हौसा आठ वर्षांची. बाप नव्हता, पायात चप्पल नव्हती. शाळा होती, पण जायला सवड नव्हती, कारण कमरेवर दोन वर्षांची सोनकी. गोबऱ्या गालांची, कुरळ्या जावळाची, टपोऱ्या डोळ्यांची इटुकली बहीण. सोनकी रडली की आईचं जाळावरचं लक्ष उडायचं, जाळ चुकला की गूळ बिघडायचा, आणि गूळ बिघडला की मालक आईला घरी पाठवणार. म्हणून गुऱ्हाळावरच्या सगळ्या बाया करतात तेच हौसा करायची. फडक्यात गुळाचा खडा बांधून ती पुरचुंडी सोनकीच्या तोंडात द्यायची. पोर दिवसभर चोखते आणि गप्प राहते.

गप्प राहिली खरी. पण पुढचे चार दात चिंचोक्यासारखे तपकिरी झाले, मग काळे, मग कडेनं झिजायला लागले. हिरडी सुजली. सोनकीला काहीच चावेना, बरगड्या मोजता यायला लागल्या. हौसानं आईला सांगितलं, आईनं शेजारच्या शांताक्काला सांगितलं, शांताक्का हसली. दुधाचे दात ते, पडायचेच आहेत, त्यांचं काय एवढं, म्हणाली. मोठ्या माणसांना सगळं कळतं असं कुणी समजू नये.

एका सकाळी सोनकीनं पेजसुद्धा थुंकून टाकली. हौसा तिला घेऊन मागच्या कडुलिंबाखाली बसली आणि रडली. चैत्र लागला होता, लिंब फुलला होता. पांढरी बारीक फुलं टपटप पडत होती. त्यातलं एक फूल पडलंच नाही. हवेतच थांबलं, लुकलुकलं, आणि त्याला पाय फुटले.

ती बोटभर परी होती. पोपटी झगा, दुधी पंख, पंखांच्या कडेला जांभळी झाक, केसांत दवाचे मणी.

"रडून झालं का?" परीनं विचारलं. "झालं असेल तर एक मागणं माग. पण नियम ऐकून घे. स्वतःसाठी मागशील तर आत्ताच्या आत्ता मिळेल. दुसऱ्यासाठी मागशील तर निम्मं मी करीन, निम्मं तुला हातानं करावं लागेल."

हौसाच्या मनात लाल चपला आल्या, निळं दप्तर आलं. खोटं कशाला सांगू, दोन्ही आलं. मग तिनं खाली बघितलं. सोनकी तिचा परकर मुठीत धरून कण्हत होती.

"हिचे दात बरे कर, परीमावशी."

परीनं सोनकीच्या तोंडात डोकावून बघितलं आणि तिचे पंख मिटले.

"काळे झालेले मला पांढरे करता येत नाहीत, बाळा. ते तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखव. पण मागच्या दाढा अजून यायच्यात. आणि या दातांच्या मुळाशी उद्याचे पक्के दात निजलेत. वर कुजलं की त्यांनाही लागतं. त्यांना मी राखीन. तोवर दुखणं थोपवून धरते."

मग हौसाची निम्मी वाटणी तिनं सांगितली. पुरचुंडी बंद. सकाळी आणि निजायच्या आधी ओल्या मऊ फडक्यानं एकेक दात पुसायचा, आतून, बाहेरून. तीस दिवस. एक दिवस मोडला तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिले दोन दिवस सोनकीनं गुऱ्हाळ डोक्यावर घेतलं. गूळ करणारे तात्या ओरडले. हौसानं उसाच्या चिपाडांची बैलगाडी केली, चिपाडाचेच बैल केले, गाडीला दोरी लावली. सोनकी गाडी ओढत सुटली आणि रडायचं विसरली. रोज संध्याकाळी हौसा कोळशानं भिंतीवर एक रेघ मारायची.

तेराव्या दिवशी हौसा पाण्याला गेली होती. शांताक्काला सोनकीची दया आली आणि तिनं पुरचुंडी दिली. हौसा आली तेव्हा सोनकी मिटक्या मारत होती. हौसानं पुरचुंडी काढून घेतली. आसपास परी नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. तरी हौसानं पदर भिजवावा तसा परकराचा कोपरा भिजवला आणि बाराच्या बारा रेघा स्वतः पुसल्या.

हे आईनं बघितलं. काय झालं म्हणून विचारलं, आणि हौसानं सगळं सांगितलं. आई तशीच उठली. मग शांताक्काच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आक्का, दात माझ्या लेकीचे आहेत. तुमचं फडकं तुमच्याकडं ठेवा."

दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांना सांगून सुट्टी घेतली आणि सोनकीला तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन दात काढले, दोन साफ करून बुजवले, आणि चार गोष्टी आईला ऐकवल्या. बरं झालं.

हौसानं पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. एकही दिवस मोडला नाही.

तिसावी रेघ मारली तशी परी खाली उतरली. अंगणभर मोतिया उजेड पडला. तिनं सोनकीच्या तोंडात हात घालून मागे चाचपलं, आणि सोनकी कचकन चावली.

"आई गं," परी म्हणाली, आणि हात झटकत खूप हसली. "आल्या दाढा. चांगल्या पक्क्या आल्या. हौसा, आजपासून तू पुसशील त्या पोराचा दात किडणार नाही. पण पुरचुंडी परत आली तर हा वर संपला."

ती उजेडात उजेड होऊन विरघळली. हौसा डोळे चोळून बघते तर गुऱ्हाळावरच्या चार बाया कडेवर पोरं घेऊन उभ्या. सगळ्यांत पुढं शांताक्का, नातवाचं तोंड बोटानं उघडून धरलेली.

"आधी ह्याचं बघ," ती म्हणाली. आणि मागे सोनकी आईच्या ताटातली भाकरी खात बसली होती, कडेकडेनं, करकर चावून.