हिरकूबायचा धक्का

फोटो नंतर काढा, आधी इकडे बघा. ज्या वाळूवर तुम्ही गाडी लावलीत, ते वेळशी शहराचं बंदर. होतं, म्हणा. उत्तरेला डोंगराची सोंड, दक्षिणेला खाडी, मध्ये खोल पाणी. गलबतं थेट बाजारपेठेच्या पायऱ्यांना लागत, असं सांगतात. बाजारपेठ अजून आहे. पाणी गेलं. कसं गेलं, ते मी चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगतोय; गावाला सांगून तर दमलो.

इथल्या शेटजींना वाटलं, खाडीच्या तोंडाशी दगडी धक्का घातला की लाटा अडतील, जहाजं निवांत उभी राहतील. त्यांनी दोरी सोडून पाणी मोजलं, तेही पौर्णिमेच्या भरतीला. उधाणाचं पाणी ते! चार वाव, म्हणजे चोवीसेक फूट भरलं. सगळे खूश. एकटी हिरकूबाय, इथलीच कोळीण, पुढे येऊन म्हणाली, "अष्टमीचा पानी मोजा. त्या दिशी भरती आरधीच येते. वाहता पानी अरवलाव, तं रेती बसंल." शेटजी हसले. धक्का झाला.

पाचेक वर्षांत तोंडाशी वाळूचा दांडा उभा राहिला. मग एका अष्टमीला वारा फिरला आणि सात होड्या दांड्याबाहेर अडकल्या. एकीवर हिरकूबायचा एकुलता एक मुलगा होता, पोशा. भरती आली, पण दांड्यावर पुरेसं पाणी चढेना. हिरकूबाय पाण्यात उतरली, पायांनी वाळू चाचपत गेली आणि गळ्याएवढं, होडी निघेल इतकं पाणी लागलं तिथे उभी राहून हाका मारू लागली. तिच्या आवाजाच्या रोखाने सहा होड्या सुखरूप आत आल्या म्हणे. सातवी पोशाची. ती दांड्यावर आपटून फुटली.

सहा घरांची माणसं वाचली म्हणून शेटजींनी तिला मानाचं लुगडं दिलं. तिने ते परत केलं. "मना लुगरा नको. यो धक्का फोरा." शेटजी म्हणाले, हंगाम संपला की बघू. तेव्हा तिने धक्क्यावरच बसून शपथ घेतली, धक्का फुटेपर्यंत इथून उठणार नाही, अन्नाला शिवणार नाही. कोणी म्हणतं नऊ दिवस बसली, कोणी म्हणतं महिना. बसल्या जागीच गेली.

मग गाव ढसाढसा रडलं. शेटजीही रडले. आणि एवढं रडून केलं काय, तर ती बसली होती त्याच दगडांवर तिचं देऊळ बांधलं! आता देवीच्या पायाखालचा धक्का कोण फोडणार? मी एकदा अर्ज केला, तर आमचेच लोक माझ्या अंगावर धावून आले. कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं, खरंच.

आजही दर अष्टमीला अख्खं शहर तिची ओटी भरायला धक्क्यावर लोटतं, तिला नवं लुगडं नेसवतं. आणि देवळाला धोका नको म्हणून दर वर्षी धक्क्याला नवे दगड लावतं.