हत्तीच्या पाठीवरच्या भाकरी

सरका जरा. बबी, पाय आत घे. राघू, तिची उशी ओढू नकोस. हां, आता ऐका.

एकदा काय झालं, एक होतं गाव. गावाचं नाव खांबवाडी. ओढा ओलांडला की पलीकडे एक जुनं पडकं नगर होतं. किती जुनं? माझ्या आजीच्या आजीलासुद्धा ठाऊक नव्हतं, इतकं जुनं. छपरं केव्हाच गेलेली, नुसते खांब उभे. खांबाखांबावर दगडी बाया कोरलेल्या. कुणाच्या हातात आरसा, कुणाच्या हातात कळशी, कुणाच्या हातात ताट. मधोमध एक बारव, तिच्याभोवती सात दगडी हत्ती. आणि या सगळ्या पडझडीतून बाग उगवलेली. कुणी लावली नाही, कुणी शिंपली नाही. सीताफळं, बकुळी, प्राजक्त, आणि ऐन मध्यावर आवळीचं मोठं झाड.

कार्तिकातल्या नवमीला सगळं गाव तिथं वनभोजनाला जायचं. पाटील जायचा, कुंभार जायचा, ज्यांची घरं वेशीबाहेर होती तेही जायचे. आवळीभोवती गोल बसायचे. गोल बसल्यावर पहिलं पान कुठलं आणि शेवटचं कुठलं? कुठलंच नाही. वर्षातला तेवढा एक दिवस असा होता, बरं का.

त्या गावात राहायची ठकू कासारीण. खांद्यावर बांगड्यांच्या माळा घ्यायची आणि घरोघर फिरून बायकांना बांगड्या भरायची. आवाज असा, की वेशीत बोलली तर ओढ्यावर ऐकू यायचं. आता ठकूला भीती वाटायची नाही असं नाही. वाटायची. पण भीतीच्या आधी तिला राग यायचा, त्याला ती तरी काय करणार?

मग काय झालं, त्या मुलखाचा राजा शिकारीला आला. रणधवल त्याचं नाव. तरणाबांड, मिशीला पीळ. त्यानं ती बाग पाहिली. थंडगार सावली, बारवेचं पाणी, बकुळीचा वास. राजा म्हणाला, "वा! इथं आम्ही जेवत जाऊ. एकटे. शांतपणे."

प्रधान म्हणाला, "महाराज, नवमीला गाव जेवतं इथं."

राजा म्हणाला, "जेवत होतं, म्हणा."

झालं. दुसऱ्या दिवशी गावात दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! पडक्या बागेत जो चूल पेटवील, त्याचं घर पाडलं जाईल होऽ!"

आप्पा पाटील चावडीवर म्हणाले, "जाऊ द्या. ओढ्याकाठी जेवू यंदा. जेवण काय, कुठंही गोड लागतं."

ठकू उभी राहिली. "आप्पा, आज बाग सोडा म्हणतात, उद्या ओढा सोडा म्हणतील. परवा म्हणतील, घरात चूल कशाला? मग काय कराल?"

"ठकू, घर पाडतील तुझं!"

"चूल पेटवली तर पाडतील ना? मग पेटवत नाही. दवंडी पुरती ऐकलीय मी. जेवू नका असं त्यात कुठं आहे?"

आणि नवमीला ठकू निघाली. डोक्यावर पिठाची पाटी, काखेत वांगी. तिच्यामागून कुंभारीण निघाली. तिच्यामागून साळ्याची सून. मग एकेक करत सगळं गाव निघालं, आणि सर्वांत मागून, इकडे तिकडे बघत, आप्पा पाटीलही.

बागेत शिपाई भाले घेऊन उभे. हवालदार म्हणाला, "धूर दिसला की घर गेलं, कासारणी."

ठकूनं पीठ मळलं. भाकरी थापली. आता भाजायची कशावर? ती रागारागानं मोठ्या दगडी हत्तीपुढं जाऊन उभी राहिली. "का रे बाबा? वर्षभर इथं एकटा उभा असतोस. चिमणीशिवाय तुझ्याशी कोणी बोलत नाही. एक दिवस आम्ही येतो, पोरं तुझ्या सोंडेवरून घसरतात, तोही दिवस आता जाणार. आणि तू नुसता बघत राहणार?"

दगडाला काय वाटलं कोण जाणे. ठकूनं हात टेकला, तो चटकन मागे घेतला. पाठ तव्यासारखी तापली होती! तिनं भाकरी टाकली. टम्म फुगली! मग बायकांनी सातही हत्ती वाटून घेतले. कुणाच्या पाठीवर भाकरी, कुणाच्या गंडस्थळावर वांगी, दोन कानांच्या मधल्या खळग्यात कढीचं भांडं. भरिताचा वास सुटला आणि शिपायांच्या तोंडाला पाणी सुटलं. हवालदार चूल शोधत हत्तींच्या पायांमधून रांगला. ना चूल, ना धूर. काय करणार? गाव पोटभर जेवलं आणि ढेकर देत घरी गेलं.

राजाला कळलं. तो असा चिडला, असा चिडला, की मिशीचा पीळच सुटला. पुन्हा दवंडी. "बागेत जो अन्नाचा कण घेऊन जाईल, त्याला गावाबाहेर हाकललं जाईल होऽ!"

पाटील म्हणाले, "ठकू, नवमी झाली. जेवलो आपण. आता पुरे."

ठकू म्हणाली, "आजवर वर्षातनं एकदा जात होतो. त्यांनी नको म्हटलं, म्हणून आता दोनदा जाऊ. द्वादशीला निघायचं."

"रिकाम्या हातानं?"

"रिकाम्या हातानं कशी जाईन? माझा धंदा नाही का?"

द्वादशीला सगळं गाव पुन्हा निघालं. शिपायांनी पाट्या पालथ्या घातल्या, फडकी झटकली. कण नाही. ठकूच्या खांद्यावर नुसत्या हिरव्या बांगड्यांच्या माळा. हवालदार म्हणाला, "हे कशाला?"

"बांगड्या खातात का तुमच्याकडे?" ठकूनं विचारलं आणि आत गेली.

गाव आवळीखाली बसलं. पोटात कावळे ओरडायला लागले. पोरं रडकुंडीला आली. ठकू पहिल्या खांबापाशी गेली. वर ती ताटवाली दगडी बाई. ठकूनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. ओकंबोकं मनगट.

"अगंबाई," ठकू म्हणाली, "इतकी वर्षं झाली, कुणी बांगड्या भरल्या नाहीत होय तुला? आण इकडं हात."

आणि दगडाशी बोलत बोलत, रोज बायकांशी बोलावं तशी, ती बांगडी चढवू लागली. बांगडी अडली. दगडच तो. ठकू म्हणाली, "हात सैल सोड, बाई. कासारणीला लाजायचं नसतं."

आणि काय सांगू! तिच्या हातात तो दगडी हात मऊ पडला. लोण्यासारखा. बांगडी सरकन चढली. एक, दोन, तीन, चार. किण्‌किण् वाजली. आणि त्या बाईच्या ताटात वाफाळता भात आला! वरण आलं, वर तूप आलं. ठकूनं दुसऱ्या बाईला बांगड्या भरल्या, ताटात पुरणपोळ्या. तिसरीला भरल्या, तर तिच्या कळशीतून ताकाची धार लागली. मग काय, साऱ्या बायका धावल्या. एकीनं दगडी हात धरायचा, ठकूनं बांगड्या भरायच्या. शिपाई डोळे फाडून बघत राहिले. त्या दिवशी गाव पाहुणं होतं आणि वाढणाऱ्या दगडाच्या होत्या.

संध्याकाळी राजाला कळलं. या वेळी तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "त्या दगडांचा तोरा आहे ना? मग दगडच नकोत. झाडही नको. पौर्णिमेला आम्ही स्वतः येतो."

पौर्णिमेला सकाळी राजा आला. घोडेस्वार आले. सटवाजी पाथरवट आणि त्याची माणसं घण घेऊन आली. कुऱ्हाडीवाले आले. राजा घोड्यावरून उतरला आणि म्हणाला, "आधी झाड तोडा. मग हत्ती फोडा. मग बाया."

खबर लागताच गावही येऊन बागेच्या कडेला उभं राहिलं होतं. दवंडी असूनही शिदोऱ्या बांधून आणलेल्या, पण सोडायची कुणाची छाती होईना. ठकू धावत मोठ्या हत्तीपाशी गेली. "ऐकलंस का? ऊठ आता!" हत्ती थंडगार. ती खांबापाशी गेली. "बायांनो, बघता काय?" बाया गप्प. हातात हिरव्या बांगड्या, पण हात दगडाचेच.

तेव्हा मात्र ठकू घाबरली. खरंच घाबरली. राग यायच्या आधी भीती आली, असं तिच्या जन्मात पहिल्यांदा झालं. पाय असे लटपटायला लागले, की तिला उभंच राहवेना. म्हणून ती खाली बसली. पण बसली कुठं? आवळीच्या बुंध्याला पाठ लावून, कुऱ्हाडीच्या बरोबर समोर. आणि तिनं शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा.

राजा गरजला, "ऊठ!"

ठकू म्हणाली, "जेवायला बसलेय, महाराज. भरल्या पानावरून उठायची आमच्यात रीत नाही."

"उठते की नाही?"

तोवर कुंभारीण येऊन ठकूशेजारी बसली. साळ्याची सून बसली. लोहाराचा म्हातारा गुडघे धरत धरत बसला. आप्पा पाटील पुढं आले, राजाला मुजरा केला, आणि तेही बसले. बघता बघता झाडाभोवती पंगत झाली. गोल. कुऱ्हाड घालायला जागा कुठं उरली?

"झाड राहू द्या!" राजा ओरडला. "सटवाजी, हत्ती फोड!"

सटवाजीनं घण उचलला. हत्तीकडं पाहिलं. त्याच्या डोळ्याची पापणी पाहिली, सोंडेच्या वळ्या पाहिल्या. मग त्यानं घण खाली ठेवला. "महाराज, असा हत्ती घडवायला माझ्या बापाला जन्म पुरला नसता. तो मी सकाळच्या प्रहरात कसा फोडू?" आणि ठकूनं सरकून जागा केली, तिथं तो बसला. त्याची माणसं बसली. कुऱ्हाडीवाले बसले. घोडेस्वार खाली उतरले. हवालदारानं तर भाला टाकला आणि म्हणाला, "दोनदा नुसता वास घेतलाय मी. आता नाही धीर निघत."

उभा राहिला एकटा राजा.

त्या जागेत काय होतं, देव जाणे. राजाला पाय उचलायचा होता, उचलेना. खाली बघतो तर काय, बोटं दगडाची! मग घोटे. मग गुडघे. राजा किंचाळला, "हे काय! मला सोडवा!"

ठकूच्या हातात घास होता. ती म्हणाली, "दवंडी मागं घ्या, महाराज."

"मी राजा आहे! मी दिलेला शब्द मागं घेत नसतो!"

"बरं. मग उभे राहा," ठकू म्हणाली आणि तिनं घास खाल्ला.

दगड कमरेला आला. ठकूनं विचारलं, "घेताय?" राजा म्हणाला, "नाही!" दगड छातीला आला. ठकूनं विचारलं, "घेताय?" राजानं नुसतं तोंड फिरवलं. दगड गळ्याशी आला. आता राजाला पंगत दिसत होती. पाटलाच्या पानातला कांदा हवालदार उचलत होता आणि पाटील हसत होते. असं त्याच्या ताटातलं आजवर कुणी उचललं नव्हतं. राजाचे डोळे भरून आले.

"ठकूबाई," तो म्हणाला, "घेतो मागं. बाग तुमची."

"बाग आमचीही नाही आणि तुमचीही नाही," ठकू उठून म्हणाली. "येईल त्याची आहे. म्हणा तसं."

"येईल त्याची," राजा म्हणाला.

मग ठकूनं भाकरीचा तुकडा मोडला, त्याला चांगला ठेचा लावला आणि राजाच्या तोंडात भरवला. असा तिखट ठेचा, असा तिखट, की राजाच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी! "पाणी, पाणी!" करत त्यानं उडीच मारली. अंगावरचा दगड खपल्यांसारखा झडून पडला. राजा मोकळा झाला.

एक डाव्या पायाची करंगळी तेवढी दगडाचीच राहिली. कायमची. मग राजा चालायचा ना, तेव्हा टक् टक् असा आवाज यायचा.

पुढं दर नवमीला राजा यायचा. बिनघोड्याचा, बिनभालदार-चोपदारांचा. लोहाराच्या म्हाताऱ्याशेजारी जागा मिळेल तिथं मांडी घालायचा आणि घाबरत घाबरत म्हणायचा, "ठकूबाई, ठेचा जरा बेतानं." ठकू कधी ऐकायची, कधी नाही. सगळे पोटभर जेवायचे, सावलीत लवंडायचे, उन्हं कलली की घरी यायचे. अशी त्यांची कितीतरी वर्षं सुखात गेली.

तशीच तुमचीही जावोत, बाळांनो. चला, मिटा डोळे आता. राघू तर केव्हाच घोरायला लागलाय. बबी, कूस बदल. निजा.