धूर कुणाचा?

धातुपूरच्या तांब्याच्या भट्ट्यांचा गंधकी धूर वाऱ्यावर शेजारच्या निळेरान राज्यात जाई आणि आंबट पाऊस होऊन पडे. तळ्यातले मासे मरून तरंगू लागले, तेव्हा निळेरानच्या राणीने पाऊस मोजणाऱ्या साळूबाईला धातुपूरला बोलणी करायला धाडलं.

धातुपूरचे दिवाण मिशीला पीळ देत म्हणाले, "आमच्याकडे धुराचा कणही राहत नाही, बाई. सगळा तुमच्याकडे येतो, म्हणजे तो तुमचाच!"

"एवढं लिहून द्या, दिवाणजी."

दिवाणांनी हसत शिक्का मारला.

साळूबाईने कागद कनवटीला खोचला. "धूर आमचा ठरला. आता आमचा माल निघतो तिथेच तपासून घ्यायची आमची रीत. उद्यापासून आमची माणसं तुमच्या चिमण्यांवर बसतील. आणि दिवाणजी, आमच्या मालात गंधकाची भेसळ खपवून घेणार नाही हं!"