ठकाबाईचा दोर

फार वर्षं झाली. माळेदऱ्याला तेव्हा गाडीवाट नव्हती, होता तो नुसता कडा आणि कड्याच्या अंगावरून गेलेली हातभर रुंदीची पायवाट. वर सात वाड्या. त्या वाड्यांमधली म्हातारी माणसं एकेक करून आंधळी होत. डोळ्यांत पांढरा पडदा उतरे आणि लोक म्हणत, आता याचा दिवस मावळला.

तिथं ठकाबाई राहत होती. घायपाताच्या वाखाचे, म्हणजे पानांतून काढलेल्या धाग्यांचे, दोर वळायची. अंगानं काटकुळी, पण तिनं वळलेला दोर दोन बैलांना तुटायचा नाही, असं म्हणतात. तिची आई अशीच आंधळी झाली होती. एका सकाळी शेळीच्या आवाजामागे गेली आणि पाऊल कड्याबाहेर पडलं.

बारा दिवस ठकाबाईनं वाखाला हात लावला नाही. तेराव्या दिवशी तिनं ऐकलं, की घाटाखालच्या पेठेत एक डॉक्टर आलाय, पडदा काढतो आणि गरिबाकडून काही घेत नाही. पण तिथवर दोन दिवसांची चाल. आंधळ्याला नेणार कोण? भात कापणीला आलेलं, घरटी एक माणूस सोडणंही जड.

ठकाबाईनं लांबलचक दोर वळला. हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि वाडीवाडीत जाऊन म्हणाली, "गाठ धरा. मी पुढं व्हते."

लोक हसले. "एक पडला तर समदे जातील," म्हणाले.

तरी सतरा जण आले. सगळ्यांत पुढे चिमाआजी, नव्वदीची. "पडले तर पडले," ती म्हणाली, "अंधार काय, हितं बी हाय आन् तिथं बी."

कड्याच्या मधोमध आले आणि धुकं उतरलं. असं धुकं त्याआधी नव्हतं आणि नंतरही नाही, असं म्हणतात. ठकाबाईला स्वतःचं पाऊल दिसेना. आई गेली ती जागा इथंच कुठंतरी होती. ती जागच्या जागी उभी राहिली.

"ठके, थांबली का गं?" मागून चिमाआजी.

"आजे, काय बी दिसंना."

चिमाआजी खो-खो हसली. "मंग आम्हाला कवा दिसत व्हतं? डाव्या अंगाला पाणी झिरपतंय, तो डोंगर. उजव्या गालाला गार वारा लागतोय, ती दरी. चल, पान्याकडं सरक."

मागचे सोळा जणही कान लावून सांगू लागले, पाणी, वारा, पाणी, वारा. ठकाबाईनं डोळे मिटून घेतले आणि पाऊल उचललं. असं म्हणतात, की त्या दिवशी कडाच दोन पावलं मागे सरला. आजही त्या वळणावर वाट एकदम रुंद होते, आणि ती कुणी खोदल्याचं कुणाला आठवत नाही.

सतराच्या सतरा पेठेत पोचले. डॉक्टरनं दोर पाहिला, गाठी मोजल्या आणि तीन दिवस हात थांबवला नाही. आठ दिवस सगळे पट्ट्या बांधून उताणे पडून होते. पट्ट्या सुटल्या तेव्हा चिमाआजी भवताली बघत राहिली.

"ठकी कुठंय?"

"ही काय, तुमच्या म्होरंच हाय की."

आवाज ओळखीचा होता. आजीनं तिला खालून वर न्याहाळलं आणि म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. "येवढुशी हाईस व्हय गं तू! मला वाटलं, डोंगरायेवढी असशील."

मग दर साली ठकाबाई दोर घेऊन निघाली. किती जणांना नेलं त्याची मोजदाद नाही. ती गेली त्या दिवशी सातही वाड्यांत चूल पेटली नाही.

आता डॉक्टरच गाडीनं वर येतात आणि माळेदऱ्याच्या शाळेत शिबिर भरतं. तरी आदल्या दिवशी घरटी मूठभर वाख गोळा होतो आणि नवा दोर वळला जातो. जेवणखाण वाड्यांचं, रुग्णाला खर्च नाही. म्हातारी माणसं गाठी धरून त्या वळणावरून शाळेपर्यंत चालत जातात. दोराचं पुढचं टोक मात्र कुणी हातात घेत नाही, ते मोकळंच सोडतात.

आणि वळणावर आलं की ते टोक जमिनीला टेकत नाही, असं म्हणतात.