डाव्या पंखाचं तिसरं पीस

त्या राज्यातली सगळी तळी बगळ्यांची होती. ती कधीपासून त्यांची झाली, हे विचारायची पद्धत नव्हती. पूर्वेच्या गवताळ माळावर कावळे राहत आणि पश्चिमेच्या तांबड्या मातीत राखी-गुलाबी काकाकुवे. मधलं अंतर नऊ दिवसांच्या उड्डाणाचं होतं, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तळ्यात बगळ्यांनी पाय धुऊन झाले की उरलेलं पाणी दोन चरांनी दोन्हीकडे सोडलं जाई. ते हिरवट असे, त्याला कुबट वास येई, आणि ते पिऊन पिल्लं मरत. पूर्वेला मरत तशीच पश्चिमेलाही मरत.

बगळ्यांचा दरबार निर्दय नव्हता. निर्दय असता तर बरं झालं असतं, निदान कोणाला त्याचा राग तरी धरता आला असता. दरबाराने ठरवलं, की ताज्या पाण्याचा एक पाट खणायचा आणि ज्यांची स्थिती जास्त वाईट असेल त्यांच्याकडे तो न्यायचा. पण त्याआधी दोघांची तुलना व्हायला हवी. तुलना झाल्याशिवाय दया करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

या कामावर एक मोजणीदार नेमला गेला. तो कष्टाळू आणि प्रामाणिक बगळा होता. त्याच्याजवळ एक वही होती, तिच्यात एक रकाना पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, आणि प्रश्न दोन्हीकडे सारखेच होते. घरट्यात वस्तू किती? वर्षात गेले किती? प्रश्न सारखे असले की न्याय होतो, अशी त्याची मनापासून समजूत होती.

तो आधी पूर्वेला गेला. त्या दिवशी तिथे धुराळा नावाच्या कावळ्याच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं. कावळ्यांमध्ये नाव आत्या ठेवते, आणि ते तिने स्वतःच्या आयुष्यात केलेल्या एखाद्या कामावरून ठेवते. नाव ठेवून झालं की घरट्यातली एकूण एक वस्तू आलेल्यांना वाटून टाकायची. ज्याचं घरटं त्या दिवशी सगळ्यांत रिकामं, त्याची मान सगळ्यांत ताठ. पिल्लाची वस्तू जितक्यांच्या घरी जाईल तितकी त्याला घरं होतात, असं ते मानत.

धुराळ्याची थोरली बहीण काजळी ही त्या पिल्लाची आत्या. तिने काय नाव ठेवलं ते मी इथे सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. नाव पिल्लाच्या कानात सांगून तिने घरटं उपसायला घेतलं. शिंपले दिले, सुकलेली बोरं दिली, हिवाळ्यासाठी जमवलेली लोकर दिली. सर्वांत लांबून आलेला पाहुणा मोजणीदार होता, म्हणून निळ्या काचेचा तुकडा, जो तिच्या आईच्या आईपासून घरात होता, तो तिने त्याच्या पायांशी ठेवला.

मोजणीदार अवघडला. "भेट घेणं आमच्या नियमात नाही, बाई."

"तुमचा नेम तुमच्यापाशी," काजळी म्हणाली. "दिलेली वस्तू आमी माघारी घेत न्हाई."

त्यामुळे तो निळा तुकडा जमिनीवर, कोणाचाच नसलेला असा, पडून राहिला. मोजणीदाराने घरट्यात डोकावून पाहिलं. आत काडीखेरीज काही नव्हतं. त्याने लिहिलं: वस्तू शून्य. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि कावळ्यांनी एकोणीस नावं सांगितली, कोण कोणाचं होतं आणि कोणत्या महिन्यात गेलं त्यासकट. ऐकताना त्याने दोनदा बोरू खाली ठेवला, असं म्हणतात. अक्षर मात्र कुठे वाकडं झालं नाही.

मग तो पश्चिमेला गेला. काकाकुवे झाडांच्या ढोल्यांत राहत. त्यांच्यातला सगळ्यांत जाणता गेरू नावाचा म्हातारा होता. वस्तूंचं विचारल्यावर त्याने ढोलीतल्या पाल्याकडे चोच केली. पाला भरपूर होता, तसं लिहिलं गेलं. नंतर मोजणीदाराने विचारलं, "वर्षात गेले किती?"

गेरूने तोंड फिरवलं. फांद्यांवर बसलेल्या साऱ्या थव्याने तोंडं फिरवली. काकाकुव्यांमध्ये गेलेल्याचं नाव घेत नाहीत आणि त्यांचा आकडाही उच्चारत नाहीत, कारण आकडा म्हणजेही एक प्रकारची हाकच. गेलेला ज्या ढोलीत राहत होता ती तशीच सोडून देतात, तिच्याकडे पुन्हा बघतसुद्धा नाहीत. मोजणीदार अंदाजाने लिहिणाऱ्यातला नव्हता. सावली एका बुंध्यावरून दुसऱ्या बुंध्यावर जाईपर्यंत तो थांबला. मग, कोणी काही सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असा सरळ विचार करून त्याने शून्य लिहिलं. परत जाताना त्याला वाटेवर ओळीने रिकाम्या ढोल्या दिसल्या. त्यांचीही त्याने नोंद केली: राहायला जागा मुबलक.

दरबारात दोन्ही रकाने वाचले गेले. पाणी दोन्हीकडे एकच. पश्चिमेला ते पिऊन कोणी मेलेलं नाही, अर्थात पाण्यात दोष नाही, अर्थात पाटाची गरज नाही. मग पूर्वेला एकोणीस का मेले? तर कावळ्यांना पिल्लं सांभाळता येत नाहीत. बारशाच्या दिवशीसुद्धा ज्यांच्या घरट्यात एक वस्तू नाही, ते काय सांभाळणार? तेव्हा पूर्वेची पिल्लं तळ्याकाठच्या संगोपनगृहात वाढवावीत, आणि पूर्वेचा मृत्यूंचा आकडा पश्चिमेइतका खाली आला की ती परत करावीत, असं ठरलं. ठरावावर कोणी हरकत घेतली नाही. घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच, हिशेब बरोबर होता.

शिपाई आले तेव्हा धुराळ्याच्या मुलीला नीट उडताही येत नव्हतं. काजळी तिच्यावर पंख पसरून बसली होती. शिपायाने तिला बाजूला सारलं आणि पिल्लाचा डावा पंख चोचीत धरून त्याला ओढलं. त्या ओढाताणीत पंखाचं तिसरं पीस मुळासकट उपटून आलं आणि घरट्यात पडलं. मुळाशी रक्त होतं. पिल्लू आत्याच्या नावाने ओरडत गेलं, आणि ते माळाच्या कडेपर्यंत ऐकू येत होतं. काजळीने ते पीस उचललं नाही. त्या घरट्यात आता तेवढीच एक वस्तू होती.

पण खरं वाईट त्यानंतर घडलं. कावळ्यांना दरबाराचं म्हणणं पटलं. पश्चिमेचे तेच पाणी पितात आणि त्यांची पिल्लं जगतात, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं आया एकमेकींना सांगू लागल्या. एक दिवस काजळी उठली आणि म्हणाली, "मी तिकडं जाऊन शिकून येते."

"अक्का, नऊ दिस लागत्यात," धुराळा म्हणाला. "तुझं पंख बघ."

"पंख काय बघू? त्यांची मरत न्हाईत, मंजी ते काहीतरी करत असतील. ते कळलं की आपला आकडा खाली येतो. आकडा खाली आला की पोर घरी येती. तुला दुसरं काही सुचत असंल तर सांग."



काजळी बाराव्या दिवशी पोचली. उतरताना तिला पहिल्यांदा चराचा वास आला, आणि तो घरचाच वास होता. गेरू बुंध्याशी बसला होता. तिने पंख मिटायच्या आतच विचारलं, "बाबा, तुमची एवढी जगत्यात ती कशानं? काय चारता? काय करता?"

गेरूने तिच्याकडे पाहिलं. मग तो उडाला आणि एका झाडावर ढोलीकडे पाठ करून बसला. थोड्या वेळाने दुसऱ्या झाडावर गेला, तिथेही पाठ करून बसला. काजळी मागे मागे जात राहिली. तिला वाटलं, म्हातारा काहीतरी रीत दाखवतोय, आणि ती मन लावून बघत होती. अकराव्या झाडाशी तिच्या लक्षात आलं. तिथून पुढे ती मोजत गेली, कारण तिच्या जिभेला मोजायची मुभा होती. दिवस मावळेपर्यंत, आधीच्या धरून, ढोल्या एकशे अकरा झाल्या.

"बाबा," ती म्हणाली, "ह्या समद्या..."

"बोलू नगंस, बाई. हाक मारली की त्यांना वळावं लागतं."

"मग त्या मोजणीदाराला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की," गेरू म्हणाला. "तो समोर बसला हुता आन आमी समदे गप्प बसलो. याच्याहून मोठ्यानं कसं सांगायचं?"

 मग गेरूने हळूच विचारलं, की तुम्हा कावळ्यांकडे म्हणे काहीच नसतं. बगळे आम्हाला सांगून गेलेत, त्या कावळ्यांकडे बघा आणि समाधानात राहा.

"हुतं की, बाबा. समदं दिलं. त्याच्या पायाशी ठेवलं."

 निघताना काजळी म्हणाली, "माझी जीभ बांधलेली न्हाई. तो पुन्हा येईल तवा तुमची गिनती मी सांगते." गेरूने हो म्हटलं नाही. पण या वेळी त्याने तोंडही फिरवलं नाही.

दरबाराच्या कामाला घाई नसते. पुढची मोजणी सहा वर्षांनी निघाली. त्या सहा वर्षांत पूर्वेला एकही बारसं झालं नाही, कारण दर वसंतात शिपाई येत. धुराळा तिसऱ्या वर्षी गेला. काजळी रोज सकाळी पश्चिमेकडे तोंड करून एकशे अकरा म्हणे, विसरू नये म्हणून. मग आपले एकोणीस म्हणे, आणि त्यात नंतरच्यांची भर घाले.

सहाव्या वर्षी नवी मोजणीदार आली. ती पांढरीशुभ्र होती, संगोपनगृहात रोज चुन्याने घासून जितकं पांढरं होता येतं तितकी. उडताना ती जरा डावीकडे कलत होती. उतरल्यावर ती एका पायावर उभी राहिली, पण तोल सांभाळताना तिने पंख पसरले तेव्हा डाव्या पंखात तिसऱ्या जागी फट दिसली. ती सगळ्या थव्याने पाहिली. काजळीने तर तिला ती आकाशात असतानाच ओळखलं होतं.

मोजणीदाराने वही उघडली. "घरट्यात वस्तू?"

"एक पीस."

"पीस वस्तूत धरत नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "वर्षात गेले किती?"

काजळीने मान वर केली. "पश्चिमेला एकशे अकरा."

"तो दुसरा रकाना झाला. तिथलं तिथे विचारलं जाईल. तुमचं सांगा, बाई."

तुमचं सांगा, बाई. सहा वर्षं पाठ केलेली सगळी नावं काजळीच्या गळ्यात तयार होती. ती ओळीने बाहेर यायची, तर सगळ्यांच्या पुढे एक भलतंच नाव येऊन उभं राहिलं, जे तिने स्वतः एका कानात सांगितलं होतं. ते नाव मेलेल्यांत धरायचं की जिवंतांत, हे तिला कळेना. आणि हाक मारली तर समोरचीला वळावं लागलं असतं. वळून तिने काय पाहिलं असतं? बाप नाही, घरटं रिकामं, आणि तोच चर. काजळीने तोंड फिरवलं. तिच्या मागे साऱ्या कावळ्यांनी तोंडं फिरवली.

मोजणीदार शिकवल्याप्रमाणे थांबली. सावली एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेली. मग तिने लिहायला घेतलं, तर तिच्या बोरूचं टोक मोडलं. ती इकडेतिकडे बघू लागली. काजळी घरट्यात वाकली, ते पीस उचललं आणि पाहुणीच्या पायांशी ठेवलं.

"भेट घेणं नियमात नाही."

"ही भेट न्हाई," काजळी म्हणाली.

मोजणीदाराने पीस उलटसुलट करून पाहिलं. मुळाशी काहीतरी तपकिरी वाळलेलं होतं, ते तिने नखाने खरवडून काढलं आणि टोक शाईत बुडवलं. पीस तिच्या पकडीत चांगलं बसलं. तिने पूर्वेच्या रकान्यात एक गोल, नेटकं शून्य काढलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं, की पूर्वेचा आकडा पश्चिमेइतका खाली आलेला आहे, अट पूर्ण झाली आहे, पिल्लं परत करण्यास दरबाराची हरकत नाही. मात्र आजवर नेलेली सर्व नियमाने मोठी ठरल्यामुळे परत करण्याजोगं पिल्लू सध्या कोणी नाही.

पुढे पश्चिमेलाही लिहायचं होतं, म्हणून तिने ते पीस डाव्या पंखात खोचलं. तिथल्या फटीत ते नेमकं बसलं. येताना ती एका बाजूला कलत आली होती. जाताना अगदी सरळ उडत गेली.