उंदरिणीचं मागचं दार

रानात जागा भरपूर होती आणि जो तो आपली वस्ती आपणच निवडत असे, त्या काळची गोष्ट. एका उंदरिणीची पिल्लं पुरात वाहून गेली होती. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते, आणि ती घर शोधत होती.

आधी ती टेकडीवर गेली. "मावशी, इथे कसली भीती?" तिनं घोरपडीला विचारलं.

"भीती? इथे कधी काही होत नाही!"

उंदरिणीनं झाडांचे बुंधे हुंगले. सगळे खालून जळून काळे पडले होते. "मग हे काय?"

"वणव्याचं आहे ते, जुनं. बाई गं, भरल्या दिवसांत असलं अशुभ बोलू नये."

मग ओढ्याकाठी येऊन तिनं तेच विचारलं. तिथला साळिंदर हसला. "येतं की पाणी, दरसाल! त्या उंबराच्या मुळापर्यंत चढतं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, की आम्हीही बिऱ्हाड उचलतो."

"आणि मुंग्या चुकल्या तर, भाऊ?"

"तर तू मला उठव, मी तुला उठवीन."

उंदरिणीनं उंबराच्या मुळावरची पाण्याची खूण हुंगली. मग मुळाच्या वर, चढाच्या बाजूला तिनं आधी मागचं दार खणलं. घर नंतर.