अस्वलबाबांचं गाठोडं

रानातली जनावरं मोटारी चालवायची, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी म्हाताऱ्या अस्वलबाबांचं गॅरेज होतं. गाडीतून काढलेला खराब भाग ते फडक्यात बांधायचे आणि सीटवर ठेवून द्यायचे. साळू साळिंदरीण ते गाठोडं तसंच घरी नेऊन फळीवर ठेवायची आणि बाबा मागतील ते पैसे द्यायची.

अस्वलबाबा गेले, त्यांचा पोरगा गॅरेज बघू लागला. एकदा साळूची गाडी घाट चढेना. पोराने क्लचप्लेट बदलली आणि बिल पुढे केलं. साळूचे काटे ताठ झाले.

"एवढे? आणि जुनी प्लेट कुठंय?"

"पार झिजली होती, मावशी. भंगारात टाकली."

"बदललीस कशावरून? तुझे बाबा काढलेला भाग परत द्यायचे."

"पण तुम्ही कधी गाठोडं सोडून बघितलंत का?"

"नाही," साळू म्हणाली. "ते द्यायचे ना, मग बघायचं कशाला?"

भंगाराच्या ढिगात शिरून पोराने प्लेट शोधली, बाबांच्याच फडक्यात बांधली आणि सीटवर आणून ठेवली. साळूने मुकाट्याने पैसे चुकते केले.

घरी आल्यावर ती गाठोडं फळीवर ठेवायला गेली, पण हात अडला. तिने खाली बसून गाठ सोडली. प्लेट झिजून अगदी गुळगुळीत झाली होती. पोरगा खरंच बोलला होता.

तरी फळीवरची न सोडलेली गाठोडी बघून साळूला त्या दिवशी अस्वलबाबांची फार आठवण आली.